फाटकाचं कुलूप

धाकटी सतरा वर्षांची, तिचं बाळ पाच महिन्यांचं. बाळंतपणानंतर ती शाळेत परतली ती आत्याच्या जिवावर. आत्या निवृत्त नर्स, तिची खोली शाळेच्या अगदी समोर. तिने पलंग भिंतीशी सरकवला, पाळणा टांगला आणि सांगून टाकलं, "तू वर्गात बस. पोर माझ्याकडे."

मधल्या सुट्टीत धाकटी रस्ता ओलांडायची, बाळाला पाजायची, घंटेआधी परत यायची. महिनाभरात आणखी दोघी आपापली लेकरं घेऊन आल्या.

मुख्याध्यापकांच्या ते डोळ्यांत खुपलं. एका सोमवारी मधल्या सुट्टीतच फाटकाला कुलूप, आणि सर स्वतः तिथे उभे.

"सर, बाळ भुकेलं असेल."

"मग घरी बस ना! बाकीच्या मुलींनी तुझ्याकडून काय शिकायचं?"

"बीजगणित. वर्गात दुसरी आहे मी."

शिपाईकाकांना एकदम खोकला आला. सरांचा पारा चढला. "फाटक उघडणार नाही!"

"मग तसं लेखी द्या. बाळाला पाजायला जायची मनाई आहे म्हणून. खाली सही, शिक्का."

दूध दाटून धाकटीचा गणवेश ओला झाला होता. वही छातीशी धरावी असं क्षणभर तिच्या मनात आलं. तिने धरली नाही.

समोरून आत्याने कुलूप पाहिलं. एक बाळ कडेवर, एक खांद्यावर, तिसरं शेजारच्या शिंप्याच्या हातात कोंबून ती तडक फाटकापाशी आली. तिघांनीही भोकाड पसरलं. वर्गांच्या खिडक्या डोक्यांनी भरून गेल्या.

"साहेब," आत्या गजांतून म्हणाली, "तीस वर्षं मी रडणारी पोरं सांभाळलीत. मला काही घाई नाही."

तिच्या मागोमाग आलेला शिंपी मात्र घामाघूम झाला होता. "अहो, उघडा की! याने माझा शर्ट भिजवला!"

खिडक्यांत हशा पिकला. सरांनी शिपाईकाकांकडे न बघताच हात झटकला आणि ते तरातरा आत निघून गेले. काकांची किल्ली तयारच होती.

घरी तक्रारीची चिठ्ठी पोहोचली. "पुरे झालं आता," बाबा म्हणाले.

"पुरं कुठे? अजून एक वर्ष बाकी आहे," धाकटी म्हणाली आणि पुस्तक उघडून बसली.

मधल्या सुट्टीत पुन्हा कुलूप लागलं नाही. सर मात्र वर्ष संपेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. तिचा पहिला नंबर चार गुणांनी हुकला. त्याची चीड तिला अजूनही येते.