सांडलं ते कुणाचं

आमच्या घरात 'शू केली' असं म्हणायला बंदी होती. बंदी मीच घातली होती. खारूचं डायपर सोडवायच्या दिवसांत मी दोन पुस्तकं वाचली आणि दोन्हींत एकच लिहिलेलं, मुलाला लाजवू नका. मग मी ठरवलं, कुठे ओलं झालं की फक्त "सांडलं" म्हणायचं. फडकं आणायचं, पुसायचं, विषय संपला. सासूबाईंना हे अजिबात पटलं नव्हतं. "सांडायला ते काय दूध आहे?" असं त्या म्हणायच्या, पण म्हणता म्हणता त्याही सांडलंच म्हणायला लागल्या. खारू अडीच वर्षांची होईस्तोवर सांडायचं थांबलंसुद्धा. डायपरचं उरलेलं अर्धं पाकीट मी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ढकलून दिलं.

त्यामुळे त्या मंगळवारी मी खोटं बोलले असं कुणी म्हणू शकणार नाही. मी फक्त एक शब्द उच्चारला.

मला सर्दी झाली होती. मी सोफ्यावर बसले होते, शेजारी खारू जिराफाच्या चित्राचे तुकडे जुळवत होती. एरवी मी बसते तिथे खाली घडी घातलेला टॉवेल असतो, कंबर दुखते म्हणून, असं सगळ्यांना सांगितलेलं. नेमका त्या दिवशी तो दोरीवर वाळत होता. पहिली शिंक आली तेव्हा मी मांड्या आवळल्या. दुसरीलाही जमलं. तिसरी न सांगता आली. मग तो ओळखीचा कोमटपणा. मी उठले तर बसल्या जागी तळहाताएवढा काळसर डाग, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई घड्या घालायचे कपडे घेऊन आत आल्या. त्यांनी डागाकडे पाहिलं, खारूकडे पाहिलं.

"हे काय गं?"

"सांडलं," मी म्हणाले.

खारू सोफ्यावरून उतरली आणि तिने स्वतःच्या चड्डीला हात लावून पाहिला. "माझी कोरडी आहे."

"असू दे हं. होतं कधी कधी," सासूबाईंनी तिची समजूत घातली.

"मी नाही सांडलं!"

"बरं बाई, सोफ्याने सांडलं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. फडकं आणायच्या निमित्ताने, कुडता मागून ओढत, मी पाठ न दाखवता तिथून निघाले. तशी चालायची मला सवय झाली आहे.

खारूचा जन्म झाला तेव्हा तिचं वजन पावणेचार किलो होतं आणि कळा दीड दिवस चालल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सहा आठवड्यांत थांबेल. मग म्हणाल्या, सहा महिन्यांत. शेवटी त्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या नावाची चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी आठ महिने माझ्या पर्समध्ये आहे, घडीवर विरायला लागली आहे. जायचं म्हणजे कुणाला तरी सांगून जायला हवं, आणि सांगायचं काय?

यातली गंमत अशी, की मी कापड तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. कापडाच्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि तो जिरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजायचं, हे माझं रोजचं काम. कुठलं कापड पाणी धरतं, कुठलं सोडतं, कुठल्या रंगावर ओल दिसते, हे मला झोपेतून उठवून विचारा. तीन वर्षांत मी राखाडी रंग अंगाला लावलेला नाही. पाळीचे पॅड या कामाचे नाहीत, ते रक्तासाठी बनवलेले, पाण्याचा लोंढा आला की कडेने सोडून देतात, हेही मला कळतं. तरी तेच वापरत होते. योग्य ते पाकीट दुकानात दिसतं, पण त्यावर पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं छापलेलं असतं. ते गल्ल्यावर नेऊन ठेवायचा मला धीर झाला नाही. त्यापेक्षा पाणी न पिणं सोपं. सकाळी अर्धा कप चहा, मग अकरापर्यंत थेंब नाही. प्रयोगशाळेपासून बाथरूम चौसष्ट पावलांवर आहे, तिसाव्या पावलावर वळण.

बुधवारी खारू न्याहारीच्या आधी चार वेळा बाथरूमला जाऊन आली.

गुरुवारी सोफ्यावर पुन्हा ओल सापडली. सासूबाईंनीच दाखवली. मी टॉवेलवर बसले होते, तरी म्हटलं, माझंच झिरपलं असणार. त्या म्हणाल्या, "पुन्हा सांडलं वाटतं." मी काहीच म्हणाले नाही. या वेळी तर शब्दही लागला नाही.

शुक्रवारी खारूने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी दूर लोटला. "नको. सांडेल."

"पेल्यातलं नाही गं सांडत, मी धरते ना."

"पेल्यातलं नाही," ती म्हणाली. मोठ्या माणसाने समजावून सांगावं तशी. "माझं."

शनिवारी तिच्या पॉटीत मी पाहिलं तर रंग कडक चहासारखा, आणि शू करताना ती कळवळून म्हणाली, "झोंबतंय." मूत्रपिंडाला काही झालं तर? जंतुसंसर्ग? मी तिचं कपाळ पाहिलं, जीभ पाहिली, ओठ पाहिले. ओठांवर पापुद्रे धरले होते. मला सगळं ठाऊक होतं. अकरापर्यंत थेंब नाही, ही युक्ती तिने माझ्याकडूनच उचलली होती, न सांगता, न शिकवता. मी रसाळ फळं कापून दिली, बर्फाचे खडे चोखायला दिले. तिने एक खडा चोखला, थांबली आणि बाथरूमकडे पळाली.

आणि सोमवारपासून तिची बालवाडी. तिथल्या बाईंनी प्रवेशाच्या वेळीच सांगितलेलं, डायपरमधलं मूल आम्ही घेत नाही, कपडे ओले होऊ लागले तर दोन महिने थांबा. खारू गेले पंधरा दिवस दप्तर पाठीला लावून जेवायला बसत होती.

रविवारी सकाळी माझ्या नवऱ्याने सोफा उघडला. तो सोफे बनवतो, जुन्यांना नवीन खोळ घालतो. घराच्या मागच्या खोलीत त्याचा कारखाना, म्हणजे एक लांब टेबल, शिलाई मशीन आणि छतापर्यंत रचलेला फोम. घरचा सोफा मात्र सात वर्षांत त्याने उघडला नव्हता. "खारूबाई शाळेत चालल्या, आता त्यांचं आसन धुऊन काढू," असं म्हणत त्याने चेन ओढली, खोळ उतरवली आणि फोमचा ठोकळा टेबलावर आडवा टाकला. मी दारात उभी होते. सटकायचा विचार होता, पण त्याला काय दिसतं ते बघायला थांबले.

त्याने वाकून पाहिलं. मग म्हणाला, "हे खारूचं नाही."

"कशावरून?"

"अगं, ती बसते इथे, कडेला, पाय सोडून. आणि हे बघ कुठे आहे. पार मागे, पाठ टेकून बसणाऱ्याचं. शिवाय फोम किती बसलाय बघ. तेरा किलोच्या पोरीने एवढा खड्डा पडतो होय?" त्याने डागावरून अंगठा फिरवला. "एकदाचंही नाही हे. वर्तुळात वर्तुळ आहे. वर्ष-दीड वर्ष तरी चाललंय." त्याने दाराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "आईचं आहे हे."

खारू बोलायला लागल्यापासून तो मला आईच म्हणतो. आईचा फोन वाजतोय, आईला विचार. तीन वर्षं जे दडवलं ते या माणसाने अंगठा फिरवून वाचलं.

"हो," मी म्हणाले. "मी सांगणारच होते."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला नाही तर कुणाला असणार?"

"मग बोलायचंस ना! किती अवघडून राहिली असेल बिचारी." त्याने सुस्कारा सोडला. "काय करणार, वय झालं."

"वय?"

"सत्तरीला आली की गं आता."

तो आपल्या आईबद्दल बोलत होता. माझ्यावर त्याची नजर एकदाही ठरली नव्हती. बत्तीस वर्षांच्या बाईवर कोण संशय घेणार?

"तू तिला काही बोलू नकोस हं," तो म्हणाला. "लाजेने मरेल ती. मी गुपचूप नवीन फोम घालतो, वरून रेग्झिनचं अस्तर. काही झालं तरी आत जाणार नाही. प्रश्न मिटला."

आणि खरंच मिटला असता. खारू सुटत होती, मी सुटत होते, सासूबाईंना कधी कळणारही नव्हतं की आपल्या खात्यावर काय जमा झालंय. करायचं काहीच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्यात तर माझा हातखंडा. मी मान हलवायच्या बेतात होते.

तेवढ्यात आतून आवाज आला.

"एकच घोट. आजीसाठी."

"नको."

"बरं, मग असं करू. उद्या हे घाल आतून, वरून पँट. बाईंना कळणारसुद्धा नाही."

"कुणालाच नाही कळणार?"

"कुणालाच नाही. आपलं गुपित."

मी आत गेले. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, मांडीवर ते डायपरचं अर्धं पाकीट. स्टुलावर चढून काढलं असणार. खारू समोर उभी, दप्तर पाठीला, आणि पाकिटाकडे अशी बघत होती जशी मी दुकानात त्या हसऱ्या जोडप्याकडे बघते. आतून घालायचं, वरून झाकायचं, कुणाला कळू द्यायचं नाही. तीन वर्षांची पोर.

"आई, ते ठेवून द्या," मी म्हणाले. "खारूने काही सांडलेलं नाही. मंगळवारी मी शिंकले, तेव्हा माझं झालं. मला होतं तसं. शिंकले, खोकले, जोरात हसले की होतं. खारू झाल्यापासून."

नवरा हातात फोमचा ठोकळा घेऊन माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. खारूने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ठोकळ्याकडे.

"आई सांडली?"

"हो."

"सोफ्यावर?"

"हो. आणि मी तुला सांगायला हवं होतं. मी चुकले."

चुकण्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं. ती बापाकडे वळली आणि ओरडली, "बाबा! आई सांडली!"

"कोणती आई?" तो म्हणाला. अजून आपल्याच हिशेबात होता, आणि बघत होता स्वतःच्या आईकडे.

सासूबाईंनी ते बघणं टिपलं. "कोणती म्हणजे? माझ्यावर संशय होता होय रे तुझा?"

"तसं नाही... म्हणजे आता वय..."

"वय तुझ्या फोमचं झालं असेल, मेल्या!" असं म्हणून त्या हसायला लागल्या. त्यांचं हसू सुरू झालं की थांबत नाही. हसता हसता उठल्या, एका पायावर दुसरा पाय घट्ट आवळला, पलंगाचा कठडा धरला. "थांबा... हसवू नका रे मला..." आणि छोटी छोटी पावलं टाकत बाथरूमकडे गेल्या.

नवऱ्याला त्यात काही दिसलं नाही. मला दिसलं. ती चाल माझ्या ओळखीची आहे. मी त्याच्या हातातल्या ठोकळ्याकडे पाहिलं. वर्तुळात वर्तुळ, वर्ष-दीड वर्षाचं. आणि मी तर टॉवेलवर बसते. मंगळवार सोडला तर रोज. गुरुवारीसुद्धा.

मी ते कुणाला सांगितलं नाही. ते सांगणं माझं नव्हतं.

खारू पाकीट घेऊन माझ्यापुढे आली. "हे तू घाल."

"मला लहान होतं गं ते."

"मग पाणी पी," ती म्हणाली. "तू पी, मग मी पिते." तिने खरंच माझा पेला संपेपर्यंत वाट पाहिली, आणि मग स्वतःचा असा गटागटा संपवला की हनुवटीवरून ओघळ गेला. "हे पेल्यातलं सांडलं," तिने खुलासा केला. संध्याकाळपर्यंत झोंबणं थांबलं. तरी बालवाडीतून सुटली की तिला डॉक्टरांकडे न्यायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलं. मला तेवढ्याने धीर येत नाही.

चिठ्ठी मी पर्समधून काढून दाराजवळच्या आरशावर चिकटवली. संध्याकाळी नवरा दुकानातून मोठी पिशवी घेऊन आला, वर ते पांढऱ्या केसांचं जोडपं डोकावत होतं. "दुकानदार म्हणाला, आईसाठी का? मी म्हटलं, हो. खोटं कुठे बोललो?" मग पिशवीशी चाळा करत, "तीन वर्षं? मला का नाही सांगितलंस?" त्याने पाकीट फोडून एक पॅड उलटासुलटा करून पाहिला. "कडा उभ्या आहेत बघ, दोन्ही बाजूंनी. असंच पाहिजे."

पाकीट मी कपाटात ठेवलं नाही. बाथरूमच्या उघड्या फळीवर ठेवलं, टूथपेस्टच्या शेजारी.

सोमवारी सकाळी दप्तर भरताना मनात नाही नाही ते येत होतं. तिथे खारू रडली तर? घाबरून तिचं झालंच तर? बाईंशी बोलताना मला शिंक आली तर? मी पेलाभर पाणी प्यायले होते आणि तीन वर्षांत पहिल्यांदा इतक्या सकाळी पोट जड वाटत होतं. पाकिटात दहा होते. मी एक घेतला होता. दप्तर भरून परत आले तेव्हा फळीवर आठच होते.

बाथरूमचं दार उघडलं. सासूबाई बाहेर जायचे कपडे घालून तयार होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आरशावरच्या चिठ्ठीकडे पाहिलं, जरा जवळ जाऊन, वेळ आणि पत्ता वाचावा तशी. मग खारूचं बोट धरलं.

"चला," त्या म्हणाल्या. "पाणी प्यायलात का सगळ्यांनी?"