पूर्ण बाह्यांचा ॲप्रन

पार्लरमध्ये मॅडमची आई कामाला होती, हे गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं. म्हणजे कुणीतरी कामाला आहे एवढं ठाऊक होतं. मागच्या खोलीत टॉवेल धुणारी, फरशीवरचे केस झाडणारी, निळ्या ॲप्रनमधली म्हातारी सगळ्यांच्या ओळखीची होती आणि सगळे तिला मावशी म्हणत. त्या सगळ्यांत मॅडमही आली.

घरी ती म्हणायची, "आई, चहा टाक ना." दुकानात म्हणायची, "मावशी, टॉवेल आणा." घरून दोघी बरोबर निघत. कोपरा आला की आई मागच्या गल्लीत वळे आणि मॅडम पुढच्या दाराशी जाऊन शटर वर करी. इतक्या वर्षांत हे असं अंगवळणी पडलं होतं की दोघींपैकी कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नसे.

मूळ कारण आईचे हात. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात गोंदलेले होते. ठिपक्यांच्या रांगा, एक फणी, एक शिडी, पाखराच्या पावलांचे ठसे. आईच्या लहानपणी मुलीचे हात कोरे राहिले तर घरच्यांना बोल लागायचा. थोरल्या बहिणीने तिला मांडीशी धरून सुईने आणि काजळीने हे सगळं टोचलं होतं. "रडले असते तर रेघ वाकडी आली असती, म्हणून रडलेसुद्धा नाही," असं आई कौतुकाने सांगायची. लेकीला मात्र त्या हातांचा शाळेपासून जाच. एकदा आई तिला न्यायला आली, तेव्हा बाकावरच्या मैत्रिणीने विचारलं होतं, "तुझी आई हात धूत नाही का गं?" त्या दिवसापासून लेक शाळेतून एकटी घरी यायला लागली.

पार्लर उघडलं तेव्हा पहिलं वजनदार गिऱ्हाईक आलं ते न्यायाधीशांची बायको. सगळे त्यांना जज्जबाईच म्हणत. आईला कोण आनंद झाला. बाह्या वर सारून, गरम पाण्यात पिळलेला टॉवेल घेऊन ती स्वतः पुढे आली आणि बाईंच्या मानेभोवती हलक्या हाताने ठेवू लागली. जज्जबाईंनी आरशात ते हात पाहिले आणि नाक मुरडलं.

"ह्या कोण?"

मॅडमला तेव्हा पुष्कळ काही सांगता आलं असतं. तिच्या तोंडून निघालं, "कामाला ठेवल्यात."

आई टॉवेल ठेवून मागे गेली. रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला तो एवढाच, "पूर्ण बाह्यांचा ॲप्रन शिवून घेऊ का? म्हणजे तुला बरं." नको म्हणायची ती वेळ होती. मॅडमने सकाळी स्वतः जाऊन निळं कापड आणलं. वर शिंप्याला बजावलं की बाही मनगटावर बटणाने बंद झाली पाहिजे.

एक खोटं झाकायला दहा खोटी बोलावी लागतात म्हणतात. मॅडमला दहा लागलीच नाहीत. एकच पुरलं, कारण ते झाकायचं काम आई करत होती. उकाड्याने जीव जायची वेळ आली तरी तिची बटणं लावलेली असत. टॉवेल पिळताना बाह्या भिजत, त्या तशाच अंगावर वाळत.

मग काळ फिरला, आणि फिरला तो असा फिरला की विचारू नका. बँकेतल्या कॅशिअरणीच्या पोटरीवर तिच्या मेलेल्या कुत्र्याचा पंजा उमटला. गणिताच्या शिक्षिकेच्या मानेखाली चिमण्या उडाल्या. ज्यांच्या आयांनी जन्मभर गोंदणाला नाकं मुरडली त्यांच्या मुली खांदा उघडा टाकून विचारू लागल्या, "मॅडम, ह्याची चमक राहायला काय लावू?" समोरच्या गाळ्यात टॅटूचं दुकानच आलं. चालवणारा पोरगेलासा, हसरा, आणि त्याच्या मानेवर ही एवढी पाल गोंदलेली. त्याचं नाव पालवाला पडलं आणि तो त्या नावाला ओसुद्धा देऊ लागला.

त्या पालवाल्याने आईला मागच्या गल्लीत पाहिलं. गल्लीत कुणी नाही असं बघून तिने बाह्या वर केल्या होत्या आणि नळाखाली टॉवेल खळबळत होती. तो तडक पुढच्या दाराने मॅडमकडे आला.

"ताई, तुमच्याकडच्या मावशींचे हात बघितलेत तुम्ही?"

"रोज बघते," मॅडम म्हणाली.

"अहो, लोक माझ्याकडे हेच मागतात. मी मोबाइलवर बघून काढतो आणि ते मेलेलं दिसतं. अशी रेघ मला जन्मात जमायची नाही. कुठल्या हो त्या? घरी कोण असतं त्यांच्या?"

आता दुसऱ्यांदा संधी चालून आली होती. समोर नाक मुरडणारं कुणी नव्हतं. उलट हा मुलगा भारावून गेलेला. पण खरं सांगायचं म्हणजे आधीचं खोटंही कबूल करावं लागणार होतं. मॅडम कंगव्यातले केस काढत म्हणाली, "मी कधी विचारलं नाही."

मागचा नळ तेवढ्यात बंद झाला. आईने ऐकलं होतं हे मॅडमला कळलं, आणि आईलाही कळलं की तिला कळलंय. त्या रात्री दोघी टीव्ही बघत जेवल्या.

पुढे पालवाल्याने आईची परवानगी घेतली, पातळ कागद लावून हातांवरची नक्षी उतरवून घेतली. दुपारी काम कमी असलं की आई समोर जाऊन बसायची. तिथे पोरी तिच्याभोवती कोंडाळं करत. 'मावशी, ही शिडी कशाची?' 'मावशी, दुखलं नाही?' आई बाह्या गुंडाळून, एखाद्या पाहुणीसारखी खुर्चीत बसून सांगायची. मॅडम काचेतून बघायची. तिला अभिमान वाटायचा, अगदी भरून यायचं. माझी आई, असं मनात म्हणायची. आणि लगेच तिचे कान तापायचे, कारण हे मनात म्हणायला तिला लोकांची पसंती लागली होती.

पालवाल्याच्या ओळखीची एक फोटोवाली आली. जुन्या गोंदणांचे फोटो काढत हिंडणारी. पार्लरमधला उजेड चांगला, म्हणून फोटो तिथेच काढायचं ठरलं. खुर्चीत जज्जबाई होत्या, डोक्याला कलप लावून, आता पार वाकलेल्या. कॅशिअरीण मुद्दाम सुट्टी काढून आली होती. आईने मनगटावरची बटणं सोडली, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात पांढऱ्या टॉवेलवर ठेवले.

"किती देखणे आहेत हो," कॅशिअरीण म्हणाली.

फोटोवालीने कॅमेरा डोळ्याला लावला. "मावशी, तुमच्या घरात पुढे कुणी गोंदून घेतलं का? मुलगी वगैरे आहे तुम्हाला?"

आई हातांकडे बघत राहिली. मॅडमच्या हातातल्या ब्रशावरून कलपाचा थेंब फरशीवर पडला.

"मी आहे," मॅडम म्हणाली. "मी त्यांची मुलगी."

सगळे वळून तिच्याकडे बघू लागले. त्यातही 'त्यांची' म्हणाली होती, 'हिची' नाही, हे तिला बोलून झाल्यावर जाणवलं. कॅशिअरणीने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा मावशींकडे, आणि तिच्या कपाळावर आठी पडू लागली. आता ती विचारणार, मग इतकी वर्षं मावशी कशाला म्हणत होतात?

आई हसली. चांगली मोकळी हसली.

"मॅडमचा जीव मोठा आहे," ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांना त्या आईच मानतात."

"किती गोड," कॅशिअरीण म्हणाली आणि तिची आठी गेली. फोटोवालीही खूश झाली. "मॅडम, तुम्हीपण या ना फोटोत. अशी मालकीण कुठे मिळते?" मॅडम जाऊन आईशेजारी उभी राहिली. हसा म्हटल्यावर हसली.

गर्दी पांगली. जज्जबाईंचा कलप धुवायचा होता. बेसिनवर डोकं टेकवून, डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "तुझी हनुवटी थेट तिची आहे. पहिल्याच दिवशी बघितली होती मी."

मॅडमचा हात थांबला. "मग तुम्ही कधी काही..."

"मी काय बोलणार? मी नाक मुरडलं, ती माझी चूक. आमच्याकडे असल्या हातांना अडाणी समजत. पण मी गोंदणाला नाक मुरडलं होतं गं. आईला नाकार म्हणून नव्हतं सांगितलं." मग त्यांनी विचारलं, "पाणी जरा कोमट करशील?"

मॅडमने पाणी कोमट केलं. धरणीने पोटात घ्यावं असं तिला वाटत होतं, आणि हातांना मात्र केस धुवायचे होते.

बाई गेल्यावर ती मागच्या खोलीत आली. आईने बाह्या पुन्हा खाली करून बटणं लावली होती आणि ती टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"आई, असं का बोललीस? मी खरं सांगत होते."

"त्या पोरीच्या तोंडावर प्रश्न आला होता. तुझी चारचौघांत शोभा झाली असती."

"होऊ द्यायची होतीस."

"माझ्याच्याने नाही बघवत," आई म्हणाली. घडी नीट बसेना म्हणून तिने टॉवेल पुन्हा झटकला. "आणि आज तू सांगितलंस ते माझ्या हातांसाठी. लोकांना हात आवडले. आवडले नसते तर?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मॅडमला रडता तरी आलं असतं. तिने आईचं मनगट धरलं आणि एका बाहीचं बटण सोडलं. आईने सोडू दिलं.

"आता येईल त्या प्रत्येकीला सांगेन," मॅडम म्हणाली. "हात न दाखवता सांगेन."

"बरं," आई म्हणाली.

बाहेर दार वाजलं. कधी न आलेली एक मुलगी केस कापायला आली होती. तिला ना गोंदणाची माहिती, ना पालवाल्याची, ना मावशींची. सांगायला याहून सोपं माणूस मिळालं नसतं. मॅडमने तिला खुर्चीत बसवलं, केस विंचरले, मनातल्या मनात वाक्य जुळवलं. मुलीच्या मानेवर पाण्याचा ओघळ आला. मॅडमने नेहमीसारखा हात मागे केला, आणि नेहमीसारखी तिची जीभ वळली.

"मावशी, टॉवेल आणा."

आतून लगेच उत्तर आलं, "आणते, मॅडम."