झाड घरी आणलं त्या दिवशी

आवाज दबका वाटला तर समजून घ्या, आता माझं अंगच फारसं उरलेलं नाही. मी तपकिरी खडू. मेणाचा, आणि एके काळी चांगला बोटभर लांब.

कारखान्यात कढत मेणात रंग कालवून मला साच्यात ओतलं, गार झाल्यावर अंगावर कागदाचा सदरा चढवला आणि डबीत बसवलं. माझी जागा अगदी कडेची. मुलांचा सगळा जीव लाल-निळ्यावर. तपकिरीची आठवण होते ती झाडाचं खोड रंगवायची वेळ आली की. त्यामुळे माझा स्वभाव जरा खवट झालाय, हे आधीच सांगून टाकतो.

माझा पहिला मालक दादा. त्याला झाडांचं भारी वेड. ओढ्याकाठी एक जुनं झाड होतं, त्यावर तो तासन् तास चढून बसायचा आणि घरी आला की माझ्याकडून तेच कागदावर काढून घ्यायचा. मग एकदा त्याला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना डोळे घेऊन गेला. डबी खाटेखाली गेली आणि दादा खाटेवर. घराबाहेर पडायचं त्याने नावच टाकलं.

आमची डबी पुन्हा उघडली ती त्याच्या धाकट्या बहिणीने, बिट्टीने. बिट्टीचा हात भलताच जड. माझे दोन तुकडे तिनेच केले. "हळू गं, खडू आहे तो, मुसळ नाही!" असं आई म्हणायची, पण ऐकतंय कोण?

एके दिवशी शाळेत बाईंनी पानावर कागद ठेवून वरून खडू घासायला शिकवलं. माझा सदरा सोलला, मला आडवं धरलं आणि काय सांगू, पानाची शीर न् शीर कागदावर उमटली! बिट्टी धावतच घरी आली.

"दादा, हात लाव. पान आणलंय तुला."

दादाने कागदावर बोटं फिरवली. एकदा, दोनदा.

"गुळगुळीत आहे," तो म्हणाला. "मेण लागतंय हाताला, बस. हे तुम्हा डोळेवाल्यांचं काम, बिट्टी." आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

ही गोष्ट आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. माझं घासणं डोळ्यांना खडबडीत दिसतं, बोटांना काहीच सांगत नाही. मी मनातून खजील झालो. बिट्टीचा चेहरा पडला खरा, पण लगेच तिने ओठ घट्ट मिटले.

"बोटांना लागेल असं आणते," ती म्हणाली. "बघशीलच तू."

काही दिवसांनी बाई वर्गाला निसर्ग बघायला ओढ्याकाठी घेऊन गेल्या. प्रत्येकाला एक जाड कागद दिला. मुलं पानं, दगड, शेवाळलेली भिंत, दिसेल त्यावर कागद ठेवून घासत सुटली. बिट्टी थेट दादाच्या झाडापाशी गेली. दप्तर उघडून बघते तर पाण्याची बाटली गळलेली आणि कागद ओलाचिंब!

"टाकून दे तो," बाई म्हणाल्या. "ओल्यावर मेण धरत नाही. मैत्रिणीच्या कागदात अर्धा वाटा घे."

"नको बाई. मी वाळवते."

तिने तो कागद खोडालाच गुंडाळला आणि केसांची रिबीन सोडून घट्ट बांधला. मग अंगठ्यांनी दाबत सुटली. जिथे सालीत भेग, तिथे कागद आत. जिथे गाठ, तिथे वर. तिचा तो बदनाम जड हात त्या दिवशी कामाला आला. बाकीची मुलं खायला बसली, ही मात्र झाडाला पाठ लावून उन्हात राखणीला.

कागद वाळला तेव्हा त्याने सालीचा आकार धरला होता. बिट्टीने हरखून एका उंचवट्यावर बोट ठेवलं, आणि तो खाली बसला. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. घरी नेईपर्यंत सगळं असंच सपाट होणार!

डोळे पुसून तिने मला उचललं. निदान बाईंना दाखवायला तरी हवं म्हणून ती घासू लागली, आणि मध्येच थांबली. जिथे माझं मेण बसलं होतं, तो कंगोरा बोटाखाली दबत नव्हता.

मग मात्र आम्ही दोघं पेटलो. थरावर थर, थरावर थर. प्रत्येक कंगोऱ्यावर मी स्वतःला घासून घेतलं. माझा एक तुकडा पार संपला, तिने दुसरा घेतला. खरं सांगतो, झिजताना इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. डबीच्या कडेला शाबूत राहून मी काय मिळवलं होतं?

"अगं, बाकीच्यांसाठी ठेव काही," बाई हसून म्हणाल्या.

"नाही बाई, पुरा लागेल."

संध्याकाळी तिने तो कागद फुलासारखा जपत घरी आणला आणि दादाच्या मांडीवर ठेवला.

"पुन्हा कागद?" तो वैतागला. "किती छळशील?"

"हात लाव. मग बोल."

त्याने नाइलाजाने बोटं टेकवली. ती पुढे सरकली, अडली, भेगेत उतरली, वर चढली. स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. दादाचा अंगठा एका गाठीवर येऊन थांबला.

"इथे मी डावा पाय ठेवायचो," तो हळूच म्हणाला. मग त्याचा अंगठा गाठीवरून वर सरकला. "वरची आडवी फांदी आहे का गं अजून?"

फांदी होती. मी स्वतः पाहिली होती. बिट्टीनेही पाहिली होती.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "मी काही चढले नाही. तूच ये आणि बघ."

दादाने कागद अलगद बाजूला ठेवला. मग त्याने खाटेखाली पाय फिरवला.

"माझ्या चपला कुठे आहेत?"

आता मी नखाएवढा उरलोय आणि दादाच्या खिशात असतो. तो अजून अडखळतो, बिट्टीवर चिडतो, पण ओढ्यापर्यंत जातो. आई म्हणते, एवढासा तुकडा आठवण म्हणून जपून ठेवू या. माझी हात जोडून विनंती आहे, तेवढं करू नका. ओढ्यापलीकडे दादाने कधीच न चढलेलं एक झाड आहे. मी त्याच्या एखाद्या गाठीपुरता तरी नक्की पुरेन.