सहावं बटण

गाडीत माणूस बसलेला असताना गाडी वर चढवू नये, असं आमच्या पार्किंगमध्ये लाल अक्षरांत लिहिलेलं आहे. ती पाटी आमच्या ह्यांनीच लावून घेतली. त्या वर्षी ते इमारतीच्या कमिटीवर होते. तरी त्या गुरुवारी पावणेपाच वाजता तेच काच खाली करून म्हणाले, "चढवा हो काका. बसल्या बसल्या वर जातो. दोन मिनिटांचा तर प्रश्न."

आमच्याकडे गाड्या एकावर एक ठेवतात. लोखंडी फळीवर आमची गाडी आणि फळीखालच्या खड्ड्यात दातांच्या डॉक्टरांची. डॉक्टरांना निघायचं असलं की वॉचमनकाका बटण दाबतात. मग आमची गाडी मजलाभर वर जाते आणि त्यांची खड्ड्यातून जमिनीवर येते. खरं तर आम्हीही निघतच होतो. पण ह्यांचा फोन चालू होता, आणि फोन चालू असताना गाडी हलवायची नाही हा एकच नियम ते मनापासून पाळतात. डॉक्टर घाईत होते. कुणाची तरी दाढ ठणकत होती म्हणे.

तर आम्ही वर गेलो. खालून डॉक्टर हात हलवून निघून गेले. मग काकांनी आम्हाला उतरवायला बटण दाबलं आणि वीज गेली.

"काय झालं?" ह्यांनी फोनवरच्या माणसाला विचारलं. त्या बिचाऱ्याला काय माहीत! तो गाडीच्या स्टिरिओचा फिटर होता. आम्ही त्याच्याकडेच निघालो होतो. जुना स्टिरिओ काढायचा आणि मोठा स्क्रीनवाला बसवायचा, साडेपाचची वेळ ठरलेली. हे अजून स्टिरिओला टेप म्हणतात, पण स्क्रीन मात्र ह्यांना ताटाएवढा हवा.

"थांबा तुम्ही, अर्ध्या तासात पोचतो," असं म्हणून ह्यांनी फोन ठेवला आणि चार्जरला लावला.

आता माझी अडचण सांगते. त्या नव्या स्क्रीनमध्ये गाणी होती, नकाशा होता, मागचा रस्ता दाखवणारा कॅमेरा होता. मीडियम वेव्ह नव्हतं. मी फिटरच्या दुकानात स्वतः जाऊन विचारून आले होते. तो हसला. म्हणाला, "काकू, ते आता कोण ऐकतं?"

मी ऐकत होते. गेले तीन महिने, रोज पाच वाजता.

आमची मुलगी लहानपणापासून इतकी बोलायची की घरात तिला सगळे टकळीच म्हणायचे. आठ महिन्यांपूर्वी टकळीने औषधशास्त्राचं शेवटचं वर्ष अर्धवट टाकलं आणि एका लांबच्या गावी लहानशा रेडिओ केंद्रात नोकरी धरली. ह्यांचं औषधांचं दुकान आहे. दुकानाच्या पाटीवर तिच्यासाठी जागा सोडून ठेवली होती, अगदी रंगवायच्या आधीपासून. भांडण झालं. हे म्हणाले, "बोलायची नोकरी करतेस? कर. पुन्हा तोंड दाखवू नकोस." ती बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू तरी काहीतरी बोल."

मी ओटा पुसत होते. एकदा पुसून झालेला ओटा दुसऱ्यांदा पुसत होते. आणि बोलले काय, तर "डबा घेतलास का?"

तेव्हापासून ती माझाही फोन उचलत नाही. महिन्याच्या एक तारखेला निरोप येतो, "मी बरी आहे." चार अक्षरं जास्त नाहीत. म्हणजे बोलण्याची हौस माझ्या घराण्यातून आणि हट्ट ह्यांच्या, अशी आमच्या संसाराची वाटणी तिने पुरेपूर घेतली आहे.

ती रोज पाचला हवामान आणि धरणांचं पाणी सांगते, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. केंद्र लहान, मीडियम वेव्हवरचं, मोबाइलवर लागत नाही. मी गुपचूप एक छोटा रेडिओ आणला. घरात त्याच्यावर आमच्या लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप आणि शेजाऱ्यांचा टीव्ही एवढंच लागायचं. मग मला गाडी आठवली.

गाडीतल्या कप्प्यात स्टिरिओची पुस्तिका होती, प्लास्टिकमधून न काढलेली. सात भाषांत, त्यांत आपली नाही. पण चित्रं होती. शिवाय टकळीचं अकरावीचं भौतिकशास्त्र माळ्यावर होतं, समासात तिने काढलेल्या मांजरांसकट. दोन्ही शेजारी ठेवून मी शिकले. एफएमच्या लाटा सरळ जातात. वाटेत डोंगर आला की संपलं. मीडियम वेव्हच्या लाटा जमिनीला धरून येतात, भिंतीच्या कडेकडेने येणाऱ्या मांजरासारख्या. उशिरा का होईना, पोचतात. फक्त वाटेतला प्रत्येक पंप आणि प्रत्येक ट्यूबलाइट त्यांच्यावर खेकसते. चालू इंजिनही खेकसतं. म्हणून किल्ली अर्धीच फिरवायची. बँडचं बटण तीनदा दाबायचं. आकडे सावकाश पुढे सरकवायचे. आवाज सापडला की नंबरचं बटण 'पीक' असं वाजेपर्यंत दाबून धरायचं, म्हणजे तो तिथे राहतो. मी सहावं बटण घेतलं. सहावं बटण कोण दाबतं?

हे चालत दुकानात जातात, गाडी घरीच असते. मी रोज बादली आणि फडकं घेऊन पावणेपाचला खाली उतरायची. तीन महिन्यांत इमारतीतली सगळ्यांत स्वच्छ गाडी आमची होती. सव्वापाचला सगळं जसंच्या तसं, एफएमवर, आवाज बारावर, ह्यांनी ठेवला होता तसा.

आता घड्याळात चार त्रेपन्न झाले होते, आणि मी आणि हे जमिनीपासून मजलाभर वर एका पेटीत बसलो होतो. दार उघडलं तर फळीची वीतभर कडा आणि पुढे हवा.

"काका!" ह्यांनी काच खाली करून हाक मारली. "जनरेटर लावा की!"

"साहेब, जनरेटर जिन्याच्या दिव्यांना आहे. पार्किंगला नाही जोडलेला. तुमच्याच कमिटीने खर्च नको म्हटलं होतं."

"बरं बरं."

"शिडी आणू का? वहिनी उतरतील, तुम्ही उतराल..."

ह्यांनी खाली पाहिलं आणि लगेच काच वर केली. बल्ब बदलायला स्टुलावर चढले तरी मला स्टूल धरून उभं राहावं लागतं, असे हे. मी काचेआडूनच ओरडले, "शिडी नको काका, थांबतो आम्ही." ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण खांदे जरा खाली आले.

"फिटर निघून जाईल," ते म्हणाले.

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? आठवडाभर मागे लागून वेळ घेतलीय. गुरुवारशिवाय मला सुट्टी आहे का?"

काचा बंद, ऊन तिरपं, आत आम्ही दोघं. सत्तावीस वर्षांत आम्ही इतका वेळ काही काम नसताना शेजारी शेजारी बसलो नव्हतो. मी हात मांडीवर ठेवले होते. ओटा नव्हता, फडकं नव्हतं. पुसायला काहीच नव्हतं. चार सत्तावन्न.

"हा स्टिरिओ काढायचा नाही," मी म्हणाले.

"काय?"

"हाच राहू दे."

"तुला काय करायचंय टेपशी? तुला बटणं तरी कळतात का त्याची?"

"त्या दिवशी मी गप्प बसले," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण जरा लांबून आल्यासारखा. "आज नाही बसणार. हा निघणार नाही."

"कुठल्या दिवशी?" त्यांनी विचारलं. मग त्यांना कळलं कुठल्या, आणि ते समोरच्या काचेकडे बघायला लागले. समोर काही नव्हतं. पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेली एक सतरंजी होती.

मी हात पुढे करून किल्ली अर्धी फिरवली. बँड, बँड, बँड. सहावं बटण.

"अगं, हे काय लावलंस? खरखर नुसती."

"चार्जर काढा."

"चार्जरचा इथे काय संबंध?"

"त्याची शिट्टी येतेय रेडिओत. काढा."

"माझ्या फोनला वीस टक्के राहिलेत. आणि चार्जरची शिट्टी रेडिओत कशी येईल? तुला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात!" ते हसले. दुकानात गिऱ्हाईक औषधाचं नाव चुकीचं सांगतं तेव्हा हसतात तसं. "पुस्तक वाचून आता तू मला..."

रेडिओवर पाचचे टोले पडले. शिट्टीच्या आड एक आवाज आला.

"नमस्कार. आज पाच वाजता धरणांतला पाणीसाठा आणि..."

ह्यांचं वाक्य तिथेच राहिलं.

मी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघतच होते. आधी त्यांनी भुवया आवळल्या, ओळख न पटल्यासारख्या. मग हात आवाजाच्या बटणाकडे गेला. मला वाटलं, बंद करतात. माझा हात त्यांच्या हाताच्या वाटेत जाऊन थांबला. मी आयुष्यात पहिल्यांदा ह्यांची वाट अडवली, आणि तीसुद्धा दोन बोटांनी.

ते थांबले. आवाज वाढवून उपयोग नव्हता, शिट्टीही त्याच्याबरोबर मोठी झाली असती. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी हात वळवला आणि चार्जर उपटला.

शिट्टी गेली. खाली पंप बंद होता, लिफ्ट बंद होती, एकही ट्यूबलाइट चालू नव्हती. तीन महिन्यांत पहिल्यांदाच सगळी इमारत गप्प होती. आणि टकळी अशी लागली, जणू मागच्या सीटवर बसून बोलतेय.

उत्तरेकडचं धरण बासष्ट टक्के. वारा ताशी अकरा किलोमीटर. तिला घाई झाली होती. वेळ कमी असला की ती शब्दावर शब्द चढवते, शाळेत पाढे म्हणताना चढवायची तशी. "दक्षिणेकडचं धरण सत्तेचाळीस, क्षमा करा, सदतीस टक्के..."

"सावकाश," हे पुटपुटले. "सावकाश म्हण. कोण मागे लागलंय?"

रात्री जेवण झाल्यावर सतराचा पाढा ऐकताना ते हेच म्हणायचे, ह्याच आवाजात. आणि खरंच ती सावकाश झाली. म्हणजे ह्यांचं ऐकून नव्हे, बातम्या संपत आल्या होत्या म्हणून. पण मी त्यांना तसं सांगितलं नाही.

शेवट मला माहीत होता. रोजचाच. मी हात मांडीवर घट्ट धरले.

"वार्तापत्र वाचलं," असं म्हणून तिने स्वतःचं नाव सांगितलं. पूर्ण. स्वतःचं, मग मधे ह्यांचं, मग आडनाव.

केंद्रावर बाकीचे नुसतं नाव आणि आडनाव सांगतात. मी सगळे ऐकलेत. मधलं नाव तीच लावते. तीन महिन्यांत माझं नाव एकदाही आलं नाही आकाशवाटे, ह्यांचं मात्र रोज, पाच वाजून पाच मिनिटांनी, त्या लहान केंद्राचा आवाज पोचेल तिथपर्यंत. पहिले काही दिवस मला ह्याचा फार राग यायचा. मग मी त्या रागानेसुद्धा गाडी पुसली.

गाणं सुरू झालं. ह्यांनी आवाज कमी केला. चार्जरची वायर ते बोटाभोवती गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

"तोंड दाखवू नको म्हणाला होतात," मी म्हणाले. "दाखवत नाहीये ती."

त्यांनी वायर डॅशबोर्डवर ठेवली. मग विचारलं, "रोज असते?"

"रविवार सोडून."

"आणि ही गाडी रोज धुतेस ती..."

"हो."

"मी काकांना सांगत होतो, बाईला आता एकाएकी गाडीचं काय वेड लागलंय."

खालून काका ओरडले, "साहेब, तारेवर झाडाची फांदी पडलीय! अजून तासभर म्हणतायत!"

"चालेल!" हे ओरडले. मग फोन वाजला. सोळा टक्के राहिले होते. फिटर विचारत होता, येताय ना.

"आज नाही जमत," हे म्हणाले. "हो. अडकलोय. नाही, उद्याही... अहो, एक विचारायचं होतं. त्या मोठ्या स्क्रीनमध्ये मीडियम वेव्ह असतं का?" पलीकडून हसण्याचा आवाज आला, तो मला ओळखीचा होता. हे हसले नाहीत. "मग राहू दे," म्हणाले. "जुना चांगला आहे. ऐकणारी माणसं आहेत आमच्याकडे."

फोन ठेवून ते स्टिरिओवर वाकले. चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे बारीक करून बटणं मोजली, एक, दोन, तीन.

"सहाव्यावर का ठेवलंस?"

"लपवायचं होतं."

"पहिल्यावर ठेवायचं असेल तर?"

"दाबून धरा. पीक वाजेपर्यंत. मधेच सोडू नका."

त्यांनी पहिलं बटण अंगठ्याने दाबलं आणि घाईने सोडलं. आकडे उडाले आणि कुठलीतरी नुसती खरखर लागली. त्यांनी घाबरून माझ्याकडे बघितलं.

"गेली?"

"कुठे जातेय," मी म्हणाले. सहावं दाबलं, गाणं परत आलं. "आता पुन्हा. सावकाश. कोण मागे लागलंय?"

त्यांनी अंगठा ठेवला आणि श्वास रोखला. आम्ही दोघं पीक वाजायची वाट बघत बसलो.