तारेचा वाटा

सात वर्षांत ताईने प्रयोगशाळेच्या भट्टीत एकशे चौदा स्फटिक वाढवले. एकशे तेरा फुकट गेले. शेवटच्याचं एक टोक गरम, दुसरं गार ठेवलं, आणि कडाक्याच्या थंडीत त्यातल्या विजेच्या दाबाचं चिन्हच पालटलं: अधिकचं उणे. स्फटिकाच्या धातूतले इलेक्ट्रॉन म्हणजे एका खोलीत झोपणाऱ्या जावा. एकीने कूस बदलली की सगळ्यांची झोप मोडते. तेव्हा चिन्ह पालटणं शोभलंही. तिचे मार्गदर्शक सर तीन परिषदांत तो आलेख मिरवून आले. ताईचा प्रबंध त्या एका रेषेवर उभा होता, आणि पदवी मिळाली तर सोमवारपासून नोकरी.

मोजायच्या तारांचाही त्या दाबात थोडा वाटा असतो. तो वजा करावा लागतो. ताई तो हाताने वजा करी, कारण ती काटेकोर. मोजणीचा प्रोग्राम तो आधीच वजा करत असे, कारण तो लिहिणारा तिच्याहून काटेकोर. तो म्हणजे सरांचा लाडका सहकारी, जावई. सरांना मुलगी नाही, तरी सगळे त्याला जावईच म्हणत. तीन वर्षांपूर्वी पहिला आलेख पाहिला, तेव्हाच चूक त्याच्या ध्यानात आली होती. माणूस मनाने वाईट नव्हता. फक्त त्याला घाई नव्हती.

तोंडी परीक्षेला तो परीक्षकांत बसला.

"ताई, तारेचा वाटा कोणी वजा केला?"

"मीच. एकेक आकडा."

"मग माझा प्रोग्राम काय गोट्या खेळत होता?"

सगळे हसले. ताईही हसली, सवयीने. मग तिचा चेहरा उतरला: वाटा दोनदा वजा झाला होता.

"सर, तुम्ही प्रत्येक आलेख पाहिला होता ना?"

"हिला मी कायम सांगत आलोय," सर परीक्षकांकडे वळले, "जरा तपासून घेत जा म्हणून."

पदवी अडली, नोकरी गेली. जावयाने तेच आकडे एकदाच वजा करून मांडले. चिन्ह पालटत नव्हतं. पण थंडीत जी रेष खाली बसायला हवी, ती चढतच होती. हे तर पहिल्याहून मोठं घबाड! चार महिन्यांत सर आणि जावई, दोघांचा लेख छापून आला. तळाशी, स्फटिकाबद्दल ताईचे आभार.

सरांनी तिला बोलावून घेतलं. "पदवी हवी ना? याच आकड्यांवर नवा प्रबंध लिही. मार्गदर्शक हा."

जावयाने खुर्ची पुढे सरकवली. "बस ना. आणि संदर्भांत आमचा लेख पहिला टाक हं."

ताई बसली.

"टाकते, सर," ती त्याला म्हणाली.