नापास डावांची वही

"घ्या! पुन्हा शेवटच्या पानावर! ह्याला पत्ते पिसणं म्हणतात होय?"

हे तो फोनला उद्देशून म्हणाला, आणि फोनला त्याचं काही पडलेलं नव्हतं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बायको कुणाच्या तरी कोटाला बटण लावत होती. गेल्या आठ महिन्यांत हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की सुई न थांबवता ती म्हणाली, "हो ना."

"काय हो ना? माझ्याकडे राजांची जोडी. समोरच्याकडे नव्वा-अठ्ठी. एक नव्वा आधीच खाली पडलेला. मग शेवटचं पान कुठलं यावं?"

"नव्वा."

"बघ! तुलासुद्धा कळतं. ठरवून वाटतात हे लोक." त्याने पुठ्ठ्याची लांब वही पुढे ओढली, पट्टीने आखलेल्या रकान्यात तारीख, वेळ, आपले पत्ते, समोरच्याचे पत्ते आणि शेवटचं पान असं सगळं सुबक अक्षरात लिहिलं. "नऊशे त्रेसष्ट. अजून सदतीस."

बरं, पैसे लावून खेळायचा म्हणावं तर तेही नाही. फोनवरचं हे पोकर फुकटातलं होतं, रोज सकाळी कंपनी खोटी नाणी द्यायची आणि संध्याकाळपर्यंत ती संपायची. "निदान खिशाला तरी कात्री नाही," असं घरातले सगळे एकमेकांना सांगत. बायको मात्र ड्रायक्लीनच्या दुकानातलं काम आटोपून वर दुरुस्तीच्या कपड्यांचे हे गठ्ठे घरी आणत होती. उसवलेल्या शिवणी, तुटलेल्या चेन, बटणं. डोळ्यांसमोर आता एका बटणाची दोन दिसायला लागली होती.

या आठ महिन्यांआधी सव्वीस वर्षं तो बोल्टच्या कारखान्यात तपासनीस होता. पट्ट्यावरून माल यायचा, हा मापाचं गेज लावायचा, डोळ्यांत तेल घालून बघायचा. मग मालकांनी कॅमेऱ्याचं यंत्र आणलं. आठवडाभर दोघांनी एकच माल तपासला आणि यंत्राने याच्या नजरेतून सुटलेले बोल्ट काढून दाखवले. निरोपाच्या चहाला सगळे म्हणाले, "यंत्राला तुमची नजर कुठली?" घरीही तेच म्हणाले. एवढं झाल्यावर या माणसाला आणखी काही सांगायची कुणाची छाती होणार? म्हणून पत्त्यांचं प्रकरण सुरू झालं तेव्हा घरात सगळ्यांनीच होला हो केलं.

त्यात लेकीने भर घातली. ती कॉलेजात गणित शिकते. बापाने मोठ्या आशेने तिला शंभर डाव दाखवले तेव्हा तिने वही उघडलीसुद्धा नाही. अंग काढून घ्यायचं म्हणून म्हणाली, "बाबा, नमुना फार लहान आहे." झालं! बापाने हजार डावांचा विडा उचलला.

आज मात्र हजाराची वाट बघायला सवड नव्हती. सकाळीच वॉशरचा फोन आला होता. वॉशर म्हणजे त्याचा कारखान्यातला जुना दोस्त. कुठल्याही दोन माणसांच्या मध्ये बसून त्यांची खडखड थांबवायचा, म्हणून ते नाव.

"वहिनी, बिजागऱ्यांचा कारखाना आहे, छोटा. कॅमेरा-बिमेरा काही नाही, हाताने तपासायचं. मी शब्द टाकलाय. पण पाचच्या आत होय-नाही कळवा. मालक दुसऱ्याला बोलावून बसलाय."

तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "हजार होऊ दे. तक्रारीचं पत्र एकदा खेळाच्या कंपनीला गेलं की मी मोकळा. अर्धवट काम सोडून गेलो असं कुणी म्हणायला नको."

"कोण म्हणणार आहे?"

तो फोनकडे वळला. पत्ते वाटले गेले होते.

चार वाजता त्याला घाई सुटली. "तू वही वाच, मी पत्र लिहायला घेतो. मसुदा तयार राहू दे." तिने कोट बाजूला ठेवला, चष्मा पुसला. लेक पलंगावर पाय पोटाशी घेऊन पुस्तकात डोकं खुपसून बसली होती. पान मात्र उलटत नव्हती.

"एक्क्यांची जोडी. शेवटच्या पानावर हरलो," बायकोने सुरुवात केली. "राणी-गुलाम. शेवटच्या पानावर हरलो. सत्ती आणि दुर्री. शेवटच्या पानावर हरलो. अहो, सत्ती-दुर्रीसारखी हलकी पानं घेऊन तुम्ही शेवटपर्यंत बसलात? डाव सोडून द्यायचा ना!"

"मध्येच कसं सोडायचं? पुढे काय येईल ते बघायला नको?"

"तसं नाही... बरं. दश्शी-चौकी. हरलो. एक्का-तिर्री. हरलो."

ती वाचत गेली. वीस, पन्नास, सत्तर. आवाज बसायला लागला. एखादं लांबलचक दुखणं डॉक्टरांना सांगावं तसं वाटत होतं. तिने चार पानं पुढे उलटून पाहिली, मग दहा. मग मागून.

"जिंकलेले कुठे लिहिलेत?"

"कोण?"

"डाव. जिंकलेले डाव. दुसरी वही आहे का?"

तो तिच्याकडे असा बघायला लागला जणू तिने गेज उलटं धरलं होतं. "अगं, जिंकला तो डाव पास. पास मालाची नोंद कोण करतं? सव्वीस वर्षं मी नापासच लिहीत आलो. तारीख, वेळ, काय खोट आहे. चांगला निघाला तो पेटीत गेला. त्याचं काय लिहायचं?"

"पण किती जिंकलात?"

"जिंकलो असेन की. रोज जिंकतोच थोडे. मोजले नाहीत."

पलंगावर पुस्तक हळूच मिटलं. आईने लेकीकडे पाहिलं आणि लेकीने खिडकीकडे. नुसत्या हरलेल्या डावांच्या यादीतून काहीच सिद्ध होत नाही, हे पोरीला वही न उघडताच समजलं होतं की आत्ता समजलं, देव जाणे. पण समजलं होतं.

"बाबा," लेक मऊ आवाजात म्हणाली, "आपण असं करू का, हजाराऐवजी दोन हजार..."

"पुरे," आई म्हणाली. ती क्वचितच असं बोले.

नवऱ्याच्या हातातलं पेन पत्रावर तसंच टेकलेलं होतं. 'महोदय, सोबत जोडलेल्या नोंदींवरून सिद्ध होते की' एवढं लिहून झालं होतं. अक्षर किती सुंदर होतं! हे असं अक्षर घेऊन माणूस आठ महिने एका टेबलाशी बसला, आणि आपण सगळे त्याच्याभोवती गोड गोड मान हलवत राहिलो. तिचीच मान सगळ्यांत जास्त हलली होती. सुईत दोरा ओवताना मान हलवणं सोपं असतं.

फोन वाजला. पाचला दहा मिनिटं कमी होती.

"वहिनी, काय ठरलं? मालक घड्याळ बघतोय."

"भाऊजी, दोन मिनिटं धरा," ती म्हणाली, आणि फोन चालूच ठेवून टेबलावर पालथा ठेवला.

"काय म्हणतोय?" नवऱ्याने विचारलं. "सांग त्याला, सदतीसच राहिलेत. सोमवारपर्यंत..."

"अहो, पेन ठेवा."

त्याने ठेवलं. तिने वही मिटली आणि तिच्यावर आपला हात ठेवला. आवाज चढवण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं, त्यामुळे तो आपोआपच हळू निघाला.

"पत्ते सरळच वाटतात हो. कुणी तुमच्यावर डाव धरलेला नाही. तुम्ही हरता, कारण तुम्हाला हा खेळ येत नाही."