डक्टमधली दोन पिल्लं

एप्रिल लागला की अमरावतीत रऊफला सगळे ओळखतात, आणि पावसाळा लागला की कोणी ओळखत नाही. धंदाच तसा. बंगल्यांच्या गच्चीवर ते मोठाले कूलर असतात ना, त्यांची गार हवा खोल्याखोल्यांत नेणारे पत्र्याचे डक्ट तो बसवतो आणि साफ करतो. लोक कूलर दरवर्षी धुतात, वाळ्याच्या ताट्या बदलतात. डक्टच्या आत मात्र कोणी डोकावत नाही. जे दिसत नाही ते साफच असणार, अशी या शहराची ठाम समजूत.

खुशालरावांच्या घरी त्याला त्यांच्या मुलाने, पियुषने, खास बोलावलं होतं. पियुषची बायको पौर्णिमा सहा महिन्यांपासून खोकत होती. नागपूरच्या डॉक्टरने छातीचा फोटो बघून सांगितलं, कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसं कडक होत चाललीत. धूळ थांबली नाही तर ऑक्सिजनचं सिलिंडर उशाशी ठेवावं लागेल. कबुतरं तर गच्चीवर होतीच. खुशालरावांची बायको मैनाबाई रोज त्यांना ज्वारी टाकायची. मागच्या वर्षी ती गेली. आणि ज्या माणसाने चाळीस वर्षांत तिला कधी पाण्याचा ग्लास भरून दिला नाही, तोच आता तिच्या नावाने रोज डबाभर ज्वारी गच्चीवर ओतत होता.

रऊफने तोंडाला फडकं बांधलं आणि कूलर मागे सरकवला. कूलरला डक्टशी जोडणारी कापडी बाही फाटली होती. हिवाळाभर कूलर बंद, म्हणजे कबुतरांना आयती खोली. त्याने बॅटरी मारली. पहिल्याच वळणावर घरटं, घरट्यात पिवळ्या लवेची दोन पिल्लं. तिथून खाली पार खोल्यांपर्यंत बोटभर जाडीचा वाळलेला थर. बोट लावलं की पिठासारखा उडत होता.

त्याने सगळ्यांना वर बोलावलं. खुशालरावांनी वाकून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"याले हात नाई लावायचा रऊफभाई. बाईच्या वर्षश्राद्धाले दहा दिवस राहिले, आन् मी तिची पाखरं मारू?"

मारायची नाहीत, उचलून खोक्यात ठेवू, तिथंच कठड्यावर, असं रऊफने सांगितलं. माणसाचा हात लागला की मादी पिल्लांना टाकून देते, हे खुशालरावांना पक्कं ठाऊक होतं. आजवर पन्नास तरी पिल्लं हलवली, सगळ्यांना माद्यांनी वाढवलं, असं रऊफ म्हणाला. त्याचं कोण ऐकतो? मग घरट्याच्या आजूबाजूचं साफ करा म्हणाले. वळणाच्या पुढे ब्रश जायला घरटं तर निघायला पाहिजे. तेही त्याने समजावलं. मग म्हणाले, कूलरची हवा ओलीच असते, धूळ आपोआप बसून जाते. ही अक्कल रऊफने चाळीस घरांत ऐकली होती. शेवटी तो म्हणाला, मग पिल्लं उडेपर्यंत वीसेक दिवस सूनबाईंना माहेरी, हिवरखेडला पाठवा.

"वर्षाचा सैपाक कोन करन मंग?" खुशालराव म्हणाले. रागाने नाही. खरोखरच त्यांना दुसरं कोणी सुचत नव्हतं.

रऊफने पियुषकडे पाहिलं. पियुष कॉलेजात शिकवतो. दोनशे पोरांना सांगतो, प्रश्न विचारा. आत्ता तो पाण्याच्या टाकीकडे बघत उभा होता.

"साहेब, तुमीच तं मले बलावलं."

"चाचा, बाबांचं वय पाहा ना. पिल्लं उडाली की करून घेऊ."

रऊफला घरटं उचलायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण रऊफ नावाच्या माणसाने वर्षश्राद्धाच्या तोंडावर त्या घरातलं घरटं मोडलं, ही बातमी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिचं काय होईल, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याने हात मागे घेतला.

पौर्णिमा जिन्यात अर्ध्यावरच दम लागून बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"रऊफभाई, माझ्या खोलीतलं डक्टचं तोंड तेवढं पत्रा ठोकून बंद करून द्या. मी गरमीत राहीन."

"हालमधलं बी करतो."

"हालमधे बाबा बसतात," ती म्हणाली.

त्याने तिच्या खोलीच्या जाळीवर पत्रा बसवला, कडेने चिकटपट्टी लावली. मग एकेकाला समोर उभं करून सांगितलं, पिल्लं उडून डक्ट साफ होईस्तोवर कूलर लावायचा नाही, एक मिनिटही नाही. तिघांनी माना हलवल्या. तो वर गेला, कूलर परत डक्टला लावून ठेवला आणि अवजारं आवरायला लागला.

दुपारचे दोन वाजले होते. गच्ची चपलेतून भाजत होती. पाना पिशवीत टाकताना त्याच्या शेजारी कूलरचा पंखा घरघरला आणि सुरू झाला.

तो धावत खाली आला. हॉलमधल्या जाळीतून करडी धूळ उतरत होती, खिडकीच्या उन्हात सरळ दिसत होती. बरोबर जाळीखाली खुशालरावांची आरामखुर्ची. त्या खुर्चीवर घरातलं दुसरं कोणी कधी बसत नसे. तिच्यात त्यांनी आज सुनेला बसवलं होतं आणि स्वतः बाजूला स्टुलावर बसले होते.

रऊफने बटण बंद केलं.

"आवो, काहून बंद करता? हळूच लावला, एकवर," खुशालराव उठत म्हणाले. "पोरीच्या खोलीत तुमी पत्रा ठोकला. तिले किती उकडून राहिलं, पाहा. पाखरायले बी जरा गार लागन." आणि त्यांनी बटण पुन्हा दाबलं.

त्यांच्या चेहऱ्यावर नुसती माया होती. शिवी द्यावी असं त्यात काही नव्हतं.

पौर्णिमा ओढणी तोंडावर दाबून बसली होती. सासऱ्याने पंधरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःची खुर्ची दिली. उठायचं कसं, हे तिला कळत नव्हतं. तिला हाताला धरून बाहेर न्यावं असं रऊफला वाटलं. परक्या घरच्या सुनेचा हात तो कसा धरणार? "ताई, बाहेर या," एवढंच तो म्हणाला. तिने मान हलवली, उठायला गेली, आणि खोकल्याने तिला परत खुर्चीत बसवलं.

"पाणी आन रे पियुष," खुशालराव तिची पाठ चोळत म्हणाले.

पियुष पाणी आणायला गेला. पंखा चालूच होता.